पिंजरा आणि देखावा

मुंबईकराच्या घरीं सुटींत मुलें आलीं म्हणजे त्याला दोन यात्रा चुकत नाहींत. एक चौपाटीची व दुसरी राणीच्या बागेची. बागेचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें होऊन कित्येक वर्षें लोटलीं, तरी रेल्वेच्या डब्यांत, भाजीवाल्याच्या तोंडीं आणि आमच्या घरांत ती अद्याप राणीची बागच आहे. गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून आमची धाकटी नात आली. वय वर्षें सात. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं तिनें जाहीर केलें कीं, वाघ पाहिल्यावांचून आपण परत जाणार नाहीं. तेव्हां पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि उन्हासाठीं छत्री असा संसार घेऊन आम्ही भायखळ्यास उतरलों.

वाघाच्या दालनासमोर माणसांची दाटी होती. फेब्रुवारी २०२० मध्यें औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानांतून वाघांचें एक जोडपें येथें आणण्यांत आलें, तेव्हांपासून या दालनाचा मोठा बोलबाला आहे. कारण त्यापूर्वीं कित्येक वर्षें या बागेंत वाघच नव्हता. जाड कांचेच्या अलीकडे आपण; पलीकडे गवत, झाडें, पाणी व खडक. देखावा खरोखर सुरेख होता. त्यांत नव्हता तो फक्त वाघ.

"आजोबा, वाघ कुठें आहे?"

"असेल तिकडे गवतांत."

"मग तो बाहेर कां येत नाहीं?"

"झोंपला असेल."

"आपण एवढ्या लांबून आलों, हें त्याला माहीत नाहीं का?"

शेजारीं एक सद्गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्यांनीं हातांतील किल्ल्यांचा जुडगा कांचेवर वाजविला. मुलगा हंसला. तें पाहून आणखी दोघांनीं कांच ठोठावली. आमच्या नातीनेंही तळवा उचलला व दोनदां थाप मारली. आम्हीं तिचा हात धरला. तो जरा जोरानेंच धरला असावा, कारण तिनें आश्चर्यानें आमच्याकडे पाहिलें. या बाबतींत तिला रागें भरण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें तिला ठाऊक नव्हतें.

साठांहून अधिक वर्षें झालीं. शहर कोणतें तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही त्या वेळीं आठ वर्षांचे होतों आणि वडिलांबरोबर एक प्राणिसंग्रहालय पाहावयास गेलों होतों. लोखंडी गज, सिमेंटची जमीन, कोपऱ्यांत पाण्याची दगडी डोणी, असा तो अस्वलाचा पिंजरा होता. अस्वल आमच्याकडे पाठ करून निजलें होतें. बराच वेळ वाट पाहिली. थोरला भाऊ म्हणाला, "मेलेलें दिसतें." वडिलांची छत्री आमच्या हातीं होती. बाहेरच्या कठड्याखालून आम्ही आंत शिरलों आणि छत्रीचें टोंक गजांतून घालून अस्वलाच्या कुल्ल्यावर टोंचलें. एकदां टोंचलें, मग पुन्हां टोंचलें. अस्वल गुरगुरलें नाहीं. तें सावकाश उठलें, गजांपाशीं आलें, मागच्या पायांवर उभें राहिलें आणि त्यानें तोंड उघडलें. लोकांनीं टाळ्या पिटल्या, शेंगा फेंकल्या. टोंचलें कीं उठावयाचें, उठलें कीं कांहीं खावयास मिळतें, हा धडा त्या जनावराला आमच्या अगोदर अनेकांनीं दिलेला होता, हें आज कळतें. त्या वेळीं तो आमचा पराक्रम वाटला. घरीं आल्यावर आईला ही हकीकत मोठ्या ऐटीनें सांगितली. ती पोळ्या लाटीत होती. "निजलेल्याला उठवूं नये रे," एवढेंच म्हणून तिनें पुढची पोळी तव्यावर टाकली.

त्या काळच्या पिंजऱ्यामागें एक सरळ हिशेब होता. पैसे देऊन आलेल्या माणसाला जनावर दिसलें पाहिजे, जवळून दिसलें पाहिजे, आणि केव्हांही आलें तरी दिसलें पाहिजे. म्हणून लपावयास जागा ठेवावयाची नाहीं, आणि धुण्यास सोपी म्हणून जमीन सिमेंटची करावयाची. माती नाहीं, आडोसा नाहीं, उंचवटा नाहीं. अशा जागेंत वाघ जी येरझारा घालतो ती पाहून आम्ही लहानपणीं म्हणत असूं कीं, काय हा रुबाब! तो रुबाब नव्हे. त्याच वाटेनें, त्याच वळणावर मान त्याच बाजूस टाकीत दिवसभर चालणें हें मनाच्या कोंडमाऱ्याचें लक्षण आहे, असें आतां प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात. २००३ सालीं ऑक्सफर्डच्या दोन अभ्यासक बायांनीं असें दाखवून दिलें कीं, जें मांसाहारी जनावर रानांत जितक्या मोठ्या मुलखांत हिंडतें, तितकी बंदिवासांत त्याची ही येरझारा अधिक आणि त्याचीं पिलें दगावण्याचें प्रमाणही अधिक. ध्रुवीय अस्वलाला प्राणिसंग्रहालयांत मिळणारी जागा ही त्याच्या रानांतील किमान वावराच्या सुमारें दहा लाखावा हिस्सा असते, हें त्यांचेंच गणित आहे.

पिंजऱ्याचे गज प्रथम काढले ते जर्मनींतील हांबुर्ग येथील कार्ल हागेनबेक या गृहस्थानें. याचा बाप मासळीचा व्यापारी. १८४८ सालीं कोळ्यांच्या जाळ्यांत कांहीं सील सांपडले. ते त्यानें लांकडी टबांत ठेवून लोकांस पैसे घेऊन दाखविले, आणि घराण्याचा धंदा पालटला. मुलगा पुढें रानटी जनावरांचा जगांतील मोठा व्यापारी झाला. कोणतें जनावर किती लांब व किती उंच उडी मारूं शकतें, हें त्यानें प्रयोग करून मोजलें आणि त्या मापानें खंदक खणले. १८९६ सालीं त्यानें या युक्तीचें पेटंट घेतलें, व १९०७ सालीं हांबुर्गजवळ श्टेलिंगेन येथें आपली बाग उघडली. पुढें तळें व त्यांत पाणपक्षी, त्यामागें चरणारीं जनावरें, त्यामागें सिंह, आणि सर्वांमागें कृत्रिम डोंगरावर चढणाऱ्या रानबकऱ्या. मधले खंदक प्रेक्षकाला दिसावयाचे नाहींत. त्यामुळें सिंह व हरिण एकाच माळावर सुखानें नांदत आहेत, असा भास होई. डोंगर घडविले ते उर्स एगेनश्वीलर नांवाच्या स्विस शिल्पकारानें. आपल्याकडे १९५९ सालीं दिल्लीचें प्राणिसंग्रहालय झालें, त्याच्या आंखणींत याच हागेनबेक घराण्याचा हात होता.

हें सर्व वाचल्यावर कार्ल हागेनबेकाविषयीं आदर वाटावयाचा. आम्हांसही वाटला होता. परंतु त्याच चरित्राचें पुढचें पान उलटलें म्हणजे तो आदर घशाशीं अडकतो. १८७० नंतरच्या दशकांत याच गृहस्थानें लॅपलंडांतील लोक, बायकामुलांसह, त्यांच्या रेनडिअरांसकट आणून हांबुर्गांत मांडले. पुढें सिंहलद्वीपांतील माणसें व हत्ती आणिले. त्यांच्या झोंपड्या, त्यांच्या चुली, त्यांचीं नित्याचीं कामें, सर्व जसेंच्या तसें; आणि कुंपणाबाहेर तिकीट काढलेली गर्दी. म्हणजे जिवंत वस्तु तिच्या "नैसर्गिक परिस्थितींत" दाखवावी, ही कल्पना त्याच्या हातीं माणसांवर आधीं व सिंहांवर मागून राबविली गेली. आमचा आक्षेप खंदकाला नाहीं. गजापेक्षां खंदक शतपटीनें बरा. पण ज्याच्यासाठीं हा सारा डोंगर रचला तो सिंह नव्हे, तो पाहणारा होता, एवढें त्या लॅपलंडी चुलींच्या धुरांत स्पष्ट दिसतें.

पाहणाऱ्याच्या डोळ्याला काय रुचेल तें करीत गेल्यानें काय होतें, याचें एक देखणें उदाहरण लंडन येथें उभें आहे. १९३४ सालीं लुबेत्किन या वास्तुशास्त्रज्ञानें तेथील प्राणिसंग्रहालयांत पेंग्विनांसाठीं एक हौद बांधला. पांढरें शुभ्र काँक्रीट, आणि मधोमध अधांतरीं एकमेकींभोंवतीं वळणाऱ्या दोन उतरत्या वाटा. जगभर त्याचीं छायाचित्रें छापलीं गेलीं, आणि आज ती इमारत राष्ट्रीय ठेवा म्हणून कायद्यानें संरक्षित आहे. पेंग्विन मात्र २००४ सालीं तेथून हलविले. कठीण काँक्रीटवर चालून त्यांच्या पायांस विकार होत. हौद राहिला, कारण तो सुंदर आहे.

आमच्या राणीच्या बागेंतही पेंग्विन आहेत, आणि ते आले तेव्हां मुंबईंत केवढें वादळ उठलें तें वाचकांस आठवत असेल. जुलै २०१६ मध्यें दक्षिण कोरियांतील सेऊलहून आठ पक्षी आले. त्यांतील एक त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत दगावला. मार्च २०१७ मध्यें दालन लोकांस खुलें झालें. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं पहिलें पिलूं जन्मलें तें थोड्याच दिवसांत गेलें; पण २०२१ पासून तेथें पिलें होऊन वाढूंही लागलीं, हें नमूद करणें न्याय्य आहे. वाघ दिसेना म्हणून आम्ही नातीला घेऊन तेथें गेलों. आंत गारवा, पक्ष्यांसाठीं सोळा ते अठरा अंशांच्या आसपास उष्णतामान राखतात. लोक कांचेला नाक लावून उभे होते. एक बाई निराशेनें म्हणाल्या, "अगबाई, बर्फ नाहींच!" नातीनेंही तोच प्रश्न विचारिला.

बर्फ नाहीं तेंच बरोबर आहे, असें तिला समजावून सांगतांना आम्हांस मोठी मौज वाटली. हा हंबोल्ट पेंग्विन. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यानें समुद्रांत एक थंड प्रवाह वाहतो. १८०२ सालीं अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञानें त्या पाण्याचें उष्णतामान मोजलें, म्हणून प्रवाहास व पक्ष्यास त्याचें नांव. पेरू आणि चिली या देशांचा तो किनारा म्हणजे रखरखीत वाळवंट. पाऊस जवळजवळ नाहींच, झाड नाहीं, झुडूप नाहीं. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे पिढ्यान् पिढ्यांचे थर तेथें सांचले होते आणि त्या थरांत बीळ पोंखरून हा पेंग्विन अंडीं घाली. एकोणिसाव्या शतकांत शेतीला खत म्हणून मनुष्यानें ते थर खणून जहाजें भरभरून नेले. पेंग्विनाचें घरच खरवडून नेलें म्हणा ना. तेव्हां या पक्ष्याचें खरें वसतिस्थान हुबेहूब मांडावयाचें झालें, तर उघडा खडक, बिळें, थंड पाणी आणि दुर्गंधि एवढेंच मांडावें लागेल. तें पाहावयास माणशीं पन्नास रुपये कोण देईल? लोकांच्या मनांतला पेंग्विन बर्फावर उभा आहे, आणि दाखविणाऱ्याला नेहमीं मोह होतो तो लोकांच्या मनांतल्या पेंग्विनाला घर बांधण्याचा.

हल्लीं या कामाला "अधिवास" असा भारदस्त शब्द रूढ झाला आहे. शब्द चांगला आहे, परंतु तो कोणाच्या बाजूनें खरा आहे हें प्रत्येक दालनापाशीं विचारावें लागतें. पुष्कळ ठिकाणीं आंतील झाडांच्या बुंध्यांभोंवतीं बारीक विजेची तार असते, कारण जनावरानें साल ओरबाडली तर झाड मरेल आणि देखावा उघडा पडेल. म्हणजे तुम्हांआम्हांस हिरवें रान दिसतें, आणि आंतल्या प्राण्यास न शिवण्याच्या वस्तूंची एक यादी. खडक सिमेंटचा असतो. उन्हांत तापतो, नखें रुतत नाहींत. आणि एक गोष्ट तर प्रेक्षकाला कधींच कळत नाहीं. संध्याकाळीं फाटक बंद झालें कीं वाघसिंहांस मागच्या बाजूच्या कोठडींत घेतात. खाणें तेथेंच, रात्र तेथेंच. चोवीस तासांपैकीं अर्ध्याहून अधिक वेळ जनावर ज्या चार भिंतींत काढतें, त्यावर ना चित्रकाराचा कुंचला फिरतो ना माळ्याचा हात. प्राणिसंग्रहालयाची खरी परीक्षा करावयाची तर मागच्या दारानें करावी. घरांचीही तशीच करतात. दिवाणखाना पाहून कोणी सून देत नाहीं, स्वयंपाकघर पाहतात.

हायनी हेडिगर नांवाचे स्विस विद्वान बर्न, बाझेल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे क्रमानें संचालक होते. १९४२ सालीं त्यांनीं बंदिवासांतील रानटी प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, त्यांतील एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. रानांतलें जनावर स्वतंत्र असतें हीच मुळीं आपली कविकल्पना आहे, असें ते दाखवितात. तें आपल्या हद्दीला बांधलेलें असतें. पाण्याची वाट, निजण्याची जागा, खुणेचें झाड, शत्रु दिसला असतां पळून जाण्याचें अंतर, हें सर्व ठरलेलें. म्हणून त्याला अमर्याद जागा द्यावी असें नव्हे. त्याच्या जगांतील या कामाच्या गोष्टी त्या लहान जागेंतही असाव्यात. मनुष्य जवळ आला तर हटावयास अंतर असावें. दिसावयाचें कीं नाहीं, हें ठरविण्याची मुभा असावी. झाडें कोणत्या जातीचीं आहेत हें त्या मानानें गौण. अमेरिकेंतील सिएटल येथें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गोरिलांस सिमेंटच्या खोल्यांतून काढून खऱ्या झाडाझुडपांच्या मोकळ्या जागेंत सोडलें, तेव्हां ते सगळें उपटून टाकतील असें भाकीत करणारे पुष्कळ होते. गोरिलांनीं पानें खाल्लीं, फांद्या मोडल्या, आणि रान टिकलें. पुढें जगभर ज्या हिरव्या दालनांची लाट आली तिचा उगम हाच. मात्र नक्कल करतांना हिरवें तेवढें सर्वांनीं उचललें, मोडण्याची मुभा बहुतेकांनीं वगळली.

मग प्राणिसंग्रहालयें बंदच करावीं काय? आमच्या एका स्नेह्यांचें मत तसें आहे, आणि तें आम्हांस पटत नाहीं. अरबस्तानांतील ओरिक्स नांवाचें कुरंग १९७२ सालीं रानांतून समूळ नाहींसें झालें. तें १९८२ सालीं ओमानच्या वाळवंटांत पुन्हां दिसलें तें केवळ बंदिवासांत जपलेल्या कळपामुळें. आपल्याकडचीं गिधाडें गुरांना दिल्या जाणाऱ्या एका औषधानें झपाट्यानें मेलीं; हरियाणांतील पिंजोर येथें त्यांची पैदास चालते, व तेथें प्रेक्षकांस प्रवेश नसतो. या शेवटच्या गोष्टीवर वाचकांनीं क्षणभर थांबावें. जेथें जनावराचें हित हाच एक हेतु असतो, तेथें आपली अडचणच होते.

पण सात वर्षांच्या मुलीला पिंजोरचें गिधाड ठाऊक नाहीं. तिला वाघ पाहावयाचा आहे, आणि तो पाहिल्यावांचून त्याच्याविषयीं तिला माया कशी वाटावी, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नाहीं. आम्हांस अस्वलाविषयीं आज जें वाटतें तें त्या पिंजऱ्यामुळेंच वाटतें, हेंही खोटें नाहीं.

परततांना पुन्हां वाघाच्या दालनावरून गेलों. गर्दी तशीच होती, माणसें निराळीं. आतां दूर गवताच्या मागें पिंवळ्या रंगाचा एक पट्टा व हलणारा कान एवढें दिसत होतें. कान होता कीं वाळलेलें पान, याविषयीं आमच्यांत मतभेद झाला. एक तरुण मोठ्यानें आरोळ्या मारीत होता. वन्यजीव कायद्यांत १९९१ सालीं जें कलम घातलें, त्याप्रमाणें प्राणिसंग्रहालयांतील जनावरांस छेडणें, खावयास घालणें, एवढेंच नव्हे तर आवाज करून त्रास देणें हाही गुन्हा आहे. हें आम्हांस पाठ होतें. परंतु तोंडांतून शब्द निघेना. हातांतील छत्री फार जड वाटूं लागली. नातच पुढें झाली आणि म्हणाली, "काका, तो झोंपलाय." तरुण ओशाळला कीं नुसताच कंटाळला, कोण जाणे, तो निघून गेला.

बाहेर वस्तुसंग्रहालयापाशीं घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्यावरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा म्हटलें, तोच हा. विलायतेस नेण्याच्या खटपटींत तो फुटला, त्याचे तुकडे १८६४ च्या सुमारास या बागेंत आणून ठेविले आणि १९१४ सालीं ते पुन्हां जोडले. त्याच्या सांवलींत आम्हीं डबा उघडला. पोळी खातां खातां नातीला आम्हीं अस्वलाची गोष्ट सांगितली. छत्रीसह सर्व सांगितली, आपल्या वांट्याचें कांहीं वगळलें नाहीं. तिनें निमूटपणें ऐकून घेतलें. स्टेशनाकडे चालतांना बराच वेळ ती बोलली नाहीं. पुलाच्या पायऱ्या चढतांना एकदम तिनें विचारलें, "त्या अस्वलाचें पुढें काय झालें?"

आम्हांस ठाऊक नव्हतें. तसें आम्हीं तिला सांगितलें.